जवसाचे तेल, नाशपातीचे ठसे आणि आल्प्सचे घाट

पहिला दिवस : ब्रूज

तीस वर्षे महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवताना प्रबोधनकालाचे प्रकरण मी एकाच पद्धतीने सुरू करीत असे : फ्लॉरेन्समध्ये दिवा लागला आणि त्याचा उजेड हळूहळू आल्प्स ओलांडून उत्तरेकडे पोहोचला. पाठ्यपुस्तकात तसेच होते आणि उत्तरपत्रिकांतही तसेच येई. निवृत्तीनंतर सवडीने वाचू लागले, तेव्हा या वाक्यातल्या दोन गोष्टी खटकू लागल्या. उजेड आपोआप पसरतो, पण चित्र, पुस्तक किंवा विचार कोणीतरी उचलून नेल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि वाट एकदा पडली की तिच्यावरून माणसे दोन्ही दिशांनी ये-जा करतात. ती वाट स्वतः पाहावी म्हणून सात दिवसांचा हा प्रवास आखला. सोबतीला माझे थोरले बंधू होते. दादांनी सांगलीच्या एका छापखान्यात चाळीस वर्षे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवली आहेत, आणि या प्रवासात त्यांची सोबत किती मोलाची ठरेल याची मला निघताना पुरती कल्पना नव्हती.

बेल्जियममधले ब्रूज हे आज कालव्यांचे शांत गाव आहे. पंधराव्या शतकात मात्र इंग्लंडची लोकर, बाल्टिककडचा माल आणि इटलीचे रेशीम यांची गाठ पडण्याचे हे ठिकाण होते. शेअर बाजारासाठी युरोपातल्या अनेक भाषांत रूढ असलेला ‘बोर्स’ हा शब्द इथल्याच व्हान डर बुर्से कुटुंबाच्या सराईवरून आला, कारण तिच्यासमोरच्या चौकात इटालियन व्यापारी जमत असत. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पेढीची शाखा इथे होती आणि तिचा कारभारी तोम्माझो पोर्तिनारी याने ह्यूगो व्हान डर गूस या चित्रकाराकडून एक प्रचंड वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवर लावायचे चित्र, करवून घेतले. ते 1483 मध्ये समुद्रमार्गे फ्लॉरेन्सला पोहोचले आणि तिथल्या चित्रकारांनी त्यातले रापलेल्या चेहऱ्यांचे, गुडघे टेकलेले मेंढपाळ पाहिले. पुढे दोनच वर्षांत घिर्लांदायोने फ्लॉरेन्समधल्याच एका चर्चसाठी रंगवलेल्या चित्रात तसेच मेंढपाळ अवतरले. म्हणजे मी ज्याला उजेडाचे उगमस्थान म्हणत आले, तिथेच उत्तरेचा माल उतरत होता.

दुपार ग्रूनिंग संग्रहालयात गेली, आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच चित्रापुढे. यान व्हान आयकने 1436 मध्ये पूर्ण केलेल्या या चित्रात मेरीच्या पुढ्यात योरिस व्हान डर पाले हा वृद्ध धर्माधिकारी गुडघे टेकून बसला आहे. त्याच्या कानशिलावरच्या शिरा, हनुवटीखाली लोंबणारी कातडी आणि हातातल्या पोथीवर धरलेला चष्मा हे सारे इतक्या बारकाईने उतरले आहे, की त्या म्हाताऱ्याची प्रकृती आपल्याला कळते आणि नकळत त्याच्याविषयी काळजी वाटू लागते. शेजारी उभ्या असलेल्या संत जॉर्जच्या चिलखताकडे नीट पाहिले, तर पाठीवरच्या ढालीत एक उभी आकृती प्रतिबिंबित झालेली दिसते. ती स्वतः चित्रकाराची असावी असे मानले जाते. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग झटकन वाळतो, म्हणून त्यात रेषा मारावी लागते. जवसाच्या तेलातला रंग सावकाश वाळतो, म्हणून पातळ पारदर्शक थरांवर थर देता येतात आणि उजेड आतून आल्यासारखा भासतो. व्हान आयकने तैलरंग शोधून काढला ही जुनी समजूत खरी नाही, कारण तेलात रंग कालवण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. पण त्या रीतीतून काय साधता येते हे त्याने दाखवले आणि पुढच्या पन्नास वर्षांत इटलीने ते मनापासून शिकून घेतले.

संध्याकाळी चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बालक पाहिली. मुस्क्रोन नावाच्या ब्रूजच्या कापड व्यापाऱ्यांनी ती विकत घेतली आणि मायकेलअँजेलोच्या हयातीत इटलीबाहेर गेलेल्या त्याच्या मोजक्या शिल्पांपैकी हे एक ठरले. पहिल्यांदा फ्रेंच फौजांनी आणि नंतर 1944 मध्ये नाझींनी ते पळवले, आणि दोन्ही वेळा ते परत आले. मातेच्या मांडीवरून उतरू पाहणारे ते बाळ दादा बराच वेळ पाहत होते.

दुसरा दिवस : गेंट

गेंटला आगगाडीने अर्धा तास लागतो. सिंट बाव्हो कॅथीड्रलमधले ह्यूबर्ट आणि यान व्हान आयक या बंधूंचे वेदीचित्र 1432 मधले आहे. याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी फक्त आदामाविषयी सांगते. त्याचे अंग गोरे असून हात आणि चेहरा मात्र उन्हाने रापलेला आहे, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाचे जसे दिसले तसे रंगवले गेले. आणि हे फलक उंचावर असल्यामुळे त्याच्या पुढे टाकलेल्या पावलाची खालची बाजू आपल्याला दिसते. फ्लॉरेन्समध्ये लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याचे, गणित मांडणारा ग्रंथ लिहिला तो 1435 चा. इथे त्याआधी तीन वर्षे, कोणतेही गणित न मांडता, केवळ डोळ्यांच्या भरवशावर पाहणाऱ्याची जागा हिशेबात धरली गेली होती. उत्तरेकडचे चित्रकार इटलीची वाट पाहत थांबले होते, असे मला यापुढे कधी म्हणता येणार नाही.

‘न्यायी न्यायाधीशां’चा खालचा एक फलक 1934 मध्ये चोरीला गेला आणि अजून सापडलेला नाही, त्या जागी नक्कल बसवलेली आहे.

तिसरा दिवस : अँटवर्प

ब्रूजचा समुद्राशी असलेला जलमार्ग गाळाने भरत गेला, तसा व्यापार अँटवर्पला सरकला आणि त्याच्यामागून चित्रकार, खोदकाम करणारे, मुद्रक हेही इकडे आले. न्यूर्नबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर 1520 च्या उन्हाळ्यात इथे उतरला तो नव्या सम्राटाकडून आपले वर्षासन चालू करून घेण्यासाठी. सोबत पत्नी आग्नेस होती आणि सामानात स्वतः छापलेल्या चित्रांचे गठ्ठे होते. त्याने रोजच्या खर्चाची वही ठेवली आणि तिच्या नकला आज उपलब्ध आहेत. जेवण किती, भाडे किती, कोणाला कोणती छापचित्रे दिली आणि बदल्यात काय मिळाले, हे सारे तीत आहे. कलेचा प्रसार म्हणजे प्रत्यक्षात काय होते हे या वहीइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही. एका फळीवरून शेकडो प्रती निघत. त्या गुंडाळून पेटीत मावत आणि हुंडीसारख्या कोणत्याही गावात चालत.

पण अँटवर्पमध्ये मला खरी ओढ होती ती प्लान्टिन-मोरेटस संग्रहालयाची. फ्रान्सहून आलेल्या ख्रिस्तोफ प्लान्टिनने 1555 मध्ये इथे छापखाना काढला, 1576 मध्ये तो शुक्रवार बाजाराजवळच्या या वाड्यात आणला आणि त्याच्या वंशजांनी तो पुढे तीनशे वर्षे चालवला. ऐन भरात इथे सोळा यंत्रे चालत. जगातली सर्वात जुनी शिल्लक असलेली दोन छपाईयंत्रे, साधारण 1600 सालची, लांबट दालनाच्या टोकाला आजही उभी आहेत.

त्या दालनात शिरताच दादा थबकले. खिडक्यांच्या उजेडात तिरक्या मांडलेल्या लाकडी केसी, त्यांतले लहानमोठे कप्पे आणि कप्प्यांत पडलेले काळपट खिळे त्यांनी पाहिले आणि ते म्हणाले, “अगं, ही तर आमचीच केस. कप्पे तेवढे कमी.” रोमन लिपीला दीडशेच्या आसपास खिळे पुरतात, देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो लागत, म्हणून त्यांच्याकडे एका जुळाऱ्यासमोर एकीऐवजी चार केसी मांडलेल्या असत. ‘जास्त लागणारे अक्षर हाताजवळ, कमी लागणारे दूर’ हा नियम मात्र दोन्हीकडे तोच. एका फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळून ठेवलेला मजकूर काचेआड होता. ती अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी असल्यामुळे आमच्याबरोबरचे प्रवासी नुसती नजर टाकून पुढे जात होते. दादांनी लॅटिनचा अर्थ कळत नसतानाही ती उजवीकडून डावीकडे सरळ वाचून दाखवली. छपाईनंतर फर्मा सोडून प्रत्येक खिळा आपापल्या कप्प्यात परत टाकण्याचे काम किती कंटाळवाणे असते, आणि एक खिळा चुकीच्या कप्प्यात पडला तर पुढच्या पुस्तकात तो कसा दगा देतो, हे त्यांनी मला तिथेच समजावले. जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांकडे वळलेल्या मानवतावादी विद्वानांचा शुद्ध पाठाचा आग्रह आम्ही वर्गात तत्त्वज्ञान म्हणून शिकवीत होतो. त्या आग्रहाचा सारा भार या कप्प्यांवर आणि बाजूच्या खोलीत खिडकीशी बसणाऱ्या मुद्रितशोधकांवर पडलेला होता, हे मला त्या दिवशी दिसले.

याच छापखान्याने 1568 ते 1573 या काळात हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरेमाइक आणि सिरियाक अशा पाच भाषांतले बायबल आठ खंडांत छापले. भाषा शेजारी-शेजारी ठेवून मूळ शब्द ताडून पाहायचे ही रीत इटलीतल्या ग्रीकच्या अभ्यासकांनी घालून दिली होती. ती एवढ्या प्रमाणावर कागदावर उतरवण्याचे काम उत्तरेतल्या एका व्यापारी शहराने केले.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे, आणि मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती, मसाले आणि फळे यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. पटकीसाठी त्याने नोंदवलेला स्थानिक शब्द म्हणजे आपली मोडशीच आहे. पुढच्याच वर्षी फ्लँडर्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस याच्या हाती तो लिस्बनमध्ये पडला. त्याने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये केला आणि 1567 मध्ये प्लान्टिनने तो अँटवर्पला छापला. ओर्ता जुन्या ग्रीक आणि अरब आचार्यांना मान देतो, पण डोळ्यांनी पाहिलेले त्याच्याविरुद्ध जात असेल तर तसे स्वच्छ लिहितो. व्हान आयकच्या त्या चष्म्यामागची दृष्टीही याहून वेगळी नव्हती. पुढे 1580 मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने ओर्ताची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर लॅटिन वाचणाऱ्या साऱ्या युरोपात पोहोचले होते.

चौथा दिवस : ऱ्हाइनच्या काठाने

दिवसभराचा आगगाडीचा प्रवास होता. कोलोनला गाडी बदलली आणि मेन्झपर्यंत ऱ्हाइन डाव्या हाताला राहिली. मेन्झमध्ये 1450 च्या दशकात गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी छापण्याची विद्या सिद्ध केली. 1462 मध्ये ते शहर लुटले गेले आणि कारागीर पांगले; त्यातले काही याच नदीकाठाने वर गेले, काही आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. इटलीतले पहिले छापखाने जर्मनांनी चालवले. दादा खिडकीशी बसून नदीतल्या मालवाहू नावा मोजत होते.

पाचवा दिवस : बाझल

स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, सकाळी सेंट आल्बान भागातल्या जुन्या कागदगिरणीत गेलो. पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी उखळ चिंध्या कुटून त्यांचा लगदा करतात आणि जाळीच्या चौकटीने तो उचलून ताव पाडला जातो. पंधराव्या शतकात इथे हे काम पीडमाँटहून आलेल्या गालित्सियानी कुटुंबाने केले, म्हणजे उत्तरेच्या पुस्तकांचा कागद बनवणारे हात इटलीचे होते. चौकट पाण्यातून वर काढताना तिला एक हलका हिसका द्यावा लागतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. मला तो पहिल्या दोन खेपांना जमला नाही; तिसऱ्या खेपेचा ताव मी वाळवून सोबत आणला आहे.

असा कागद, छापखाने आणि 1460 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ यांच्या ओढीने रॉटरडॅमचा विद्वान इरॅस्मस इथे आला. मुद्रक योहान फ्रोबेनने 1516 मध्ये त्याने संपादित केलेला बायबलचा ग्रीक नवा करार लॅटिन भाषांतरासह छापला. पुढे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जर्मन भाषांतर केले ते याच ग्रीक पाठाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून. जुना पाठ शोधून शुद्ध करावा ही इटलीतल्या विद्वानांची हौस उत्तरेत आल्यावर धर्माच्या मुळाशी गेली आणि तिने सारा पश्चिम युरोप हलवला. इरॅस्मसला इतकी उलथापालथ नको होती. त्याला चर्च सुधारायला हवे होते, फुटायला नको होते.

चित्रसंग्रहालयात धाकट्या हान्स होल्बाइनने 1523 मध्ये रंगवलेला इरॅस्मस लिहिताना दिसतो. पापण्या खाली झुकलेल्या आहेत, ओठ मिटलेले आहेत, आणि बोटांत अंगठ्या असलेला हात कागदावर टेकला आहे. जवळच त्याच चित्रकाराचा थडग्यातला ख्रिस्त आहे. चित्राची रुंदी दोन मीटर आणि उंची जेमतेम तीस सेंटिमीटर, त्यामुळे देह अक्षरशः फटीत सरकवल्यासारखा वाटतो. हाताची हिरवट पडलेली बोटे, उघडे तोंड आणि वर लागलेले डोळे यांत देवत्वाची एकही खूण चित्रकाराने ठेवलेली नाही. मी त्याच्यापुढे फार वेळ थांबू शकले नाही.

धर्मसुधारणेच्या वादळात चित्रकारांचे काम आटले. 1526 मध्ये होल्बाइन इंग्लंडला निघाला, तेव्हा इरॅस्मसने अँटवर्पच्या आपल्या मित्राला शिफारसपत्रात लिहिले की इथे कला गारठल्या आहेत. 1529 च्या फेब्रुवारीत बाझलच्या लोकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडून जाळली, आणि इरॅस्मसही शहर सोडून गेला. अखेरीस तो परत आला आणि 1536 मध्ये इथेच वारला. लाल दगडाच्या मुन्स्टर चर्चमध्ये त्याची समाधिशिला आहे. तो शेवटपर्यंत कॅथलिक राहिला असूनही प्रॉटेस्टंट बनलेल्या शहराने त्याला आपल्या मुख्य चर्चमध्ये मानाने पुरले, ही गोष्ट मला त्या काळाचा विचार करता फार मोठी वाटते.

सहावा दिवस : बाझल ते न्यूर्नबर्ग

सकाळी शरीररचनेच्या संग्रहालयात एक सांगाडा पाहिला. ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या आणि पादुआत शिकवणाऱ्या अँड्रियास व्हेसालियसने तो 1543 मध्ये, मृत्युदंड झालेल्या एका गुन्हेगाराचे इथे विच्छेदन करून जुळवला. मानवी शरीरावरचा आपला महाग्रंथ छापून घेण्यासाठी तो बाझलला आला होता. चित्रे इटलीत काढली आणि नाशपातीच्या लाकडावर कोरली गेली. मग ते ठसे नीट बांधून 1542 मध्ये खेचरांच्या पाठीवरून आल्प्सचे घाट पार करून मुद्रक ओपोरिनसकडे आले. ते कोणत्या चित्राचे आहेत, कोणते कुठे बसवायचे, याच्या सूचना व्हेसालियसने पत्रातून दिल्या होत्या. दादांचे म्हणणे असे की, लाकडी ठसा ओलीत फुगतो आणि उन्हात तडकतो, त्यामुळे ज्याने ते बांधले त्याला कामाची जाण असली पाहिजे. त्यांतले बरेच ठसे जवळजवळ चारशे वर्षे टिकले, 1934 मध्ये म्युनिकमध्ये त्यांवरून पुन्हा चित्रे छापली गेली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते जळून गेले.

दुपारी गाडी धरली आणि रात्री न्यूर्नबर्गला पोहोचलो.

सातवा दिवस : न्यूर्नबर्ग

हे शहर 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जवळजवळ पूर्ण कोसळले. आज दिसते ते जुने गाव बहुतांशी पुन्हा बांधलेले आहे. किल्ल्याखालचे ड्यूररचे घर मात्र त्यातूनही वाचले. 1509 मध्ये त्याने ते घेतले आणि 1528 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथे राहिला.

ड्यूररचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर हा त्या काळच्या मोठ्या मुद्रकांपैकी एक होता, वडील सोनार होते आणि परममित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर ग्रीक-लॅटिनचा पंडित होता. धातूवर कोरणारा हात, छापखान्याची व्यवहारबुद्धी आणि ग्रंथांची संगत या तिन्ही गोष्टी त्याला एका गल्लीत लाभल्या. तो दोनदा इटलीला गेला. दुसऱ्या खेपेला व्हेनिसहून त्याने पिर्कहाइमरला लिहिले की, या उन्हानंतर मी तिकडे कसा गारठणार. इथे मी सद्गृहस्थ आहे आणि घरी बांडगूळ. इटलीत चित्रकाराला मिळणारा मान त्याने पाहिला आणि तो आपल्या गावी मिळवण्यासाठी पुढची वीस वर्षे खर्ची घातली. प्रमाण आणि भूमिती यांवरचे त्याचे ग्रंथ लॅटिनमध्ये नसून जर्मनमध्ये आहेत, कारण ते त्याला सोनार, सुतार आणि तरुण चित्रकार यांच्या हातात द्यायचे होते. त्याच्या या दुसऱ्या इटलीवारीच्या सुमारास तिथे मार्कान्तोनियो राइमोंदी ड्यूररच्या लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या नकला ताम्रपटावर कोरून विकत होता.

घरातल्या कार्यशाळेत एक बाई जुन्या पद्धतीने छापून दाखवत होत्या. चामड्याच्या बोंडाने शाई थापली, ओलसर कागद ठेवला, दाब दिला आणि कागद सोलल्यासारखा उचलला, तेव्हा आलेला जवसाच्या तेलाचा वास आम्हा दोघांनाही एकदमच ओळखू आला. व्हान आयकच्या रंगात तेच तेल होते, छपाईच्या शाईतही तेच होते, आणि दादा रोज संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांनाही तोच वास असे.

भिंतीवर गेंड्याचे 1515 चे चित्र होते. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला हा प्राणी गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन एवढ्यावरून त्याने चित्र केले आणि पाठीवर नसलेले एक छोटे शिंगही दिले, तरी पुढची दोन-अडीचशे वर्षे युरोपाच्या मनातला गेंडा हाच होता. छपाई चूकही तितक्याच निष्ठेने पोहोचवते, असे दादा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर प्रुफे पाहिली आहेत. याच शहरात 1543 मध्ये, व्हेसालियसचा ग्रंथ बाझलला निघाला त्याच वर्षी, पेट्रेयस या मुद्रकाने कोपर्निकसचा ग्रंथ छापला. तो लिहिणाऱ्यानेही तारुण्यातली काही वर्षे बोलोन्या आणि पादुआ इथे शिकण्यात घालवली होती.

संध्याकाळी योहानिस दफनभूमीत गेलो. सपाट शिळांच्या रांगा, प्रत्येकीवर धातूची पट्टी, आणि मधे-मधे फुलांच्या कुंड्या. ड्यूररच्या शिळेवर पिर्कहाइमरने लिहिलेली लॅटिन ओळ आहे : आल्ब्रेख्त ड्यूररचे जे मर्त्य होते ते या मातीखाली आहे. मी अर्थ सांगितला. दादांनी खाली वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवले, सवयीप्रमाणे आधी उजवीकडून सुरुवात केली, मग थांबले आणि बोट डावीकडच्या पहिल्या अक्षरावर आणून ओळ पुन्हा वाचली.